गैरहजर कोण?




‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी ती पायरी एकदा चढले. २००६ साली माझ्या पीएच.डी.चे शेवटचे वर्ष चालू होते आणि घरमालकाने अनामत रक्कम परत द्यायला नकार दिला. (भाडेकरूची अनामत सुरक्षित योजनेत ठेवण्याची सक्ती इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून आली. त्याआधी मालकाची मर्जी हाच कायदा होता.) मी काउंटी कोर्टात छोट्या रकमेचा दावा लावला. मधल्या काळात घर बदलले आणि नवा पत्ता कोर्टाला कळवायचा राहून गेला. सुनावणीची फी भरण्याची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, मुदत टळली आणि दावा रद्द झाला. जुन्या घरातल्या मैत्रिणीने फोन केला, ‘अगं, तुझं कोर्टाचं पत्र पडलंय इथे,’ तेव्हा मला कळले.

चूक सर्वस्वी माझी होती. ती निस्तरायला दोन फोन, एक अर्ज, अर्जाची वेगळी फी आणि प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा एवढे लागले. दावा पुन्हा उभा राहिला आणि पैसेही मिळाले. पुढे कित्येक वर्षे मी हा किस्सा जेवणाच्या टेबलावर हसत हसत सांगत असे.

अलीकडे या देशातल्या कैद्यांच्या दिवाणी दाव्यांविषयी वाचताना हा किस्सा आठवला आणि या वेळी हसू आले नाही. वादीने दाव्याचा पाठपुरावा केला नाही, सबब दावा रद्द, असा निकाल कैद्याच्या बाबतीत लागतो तेव्हा त्याच्याकडे माझ्या त्या चार गोष्टींपैकी किती असतात? फोन, अर्ज, फी आणि अर्ध्या दिवसाची रजा. आजचे संपादकीय या प्रश्नाविषयी आहे. कायदा इंग्लंड-वेल्सचा गृहीत धरला आहे, स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे.

आधी नियमाची बाजू मांडते, कारण नियम मुळात वाईट नाही. दावा लावून वर्षानुवर्षे काहीच न करणारा वादी प्रतिवादीला टांगून ठेवतो. साक्षीदार विसरतात, निवृत्त होतात, मरतात. १९७७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने बर्केट विरुद्ध जेम्स या प्रकरणात याची कसोटी ठरवून दिली. वादीने कोर्टाचा हुकूम मुद्दाम धुडकावला असेल, किंवा त्याने असमर्थनीय दिरंगाई केली असेल आणि त्यामुळे न्याय्य सुनावणी धोक्यात आली असेल किंवा प्रतिवादीचे गंभीर नुकसान होणार असेल, तरच दावा काढून टाकायचा. पुढे लॉर्ड वूल्फ यांच्या अहवालावरून नवे दिवाणी नियम आले आणि एप्रिल १९९९ पासून दाव्याचे वेळापत्रक कोर्टाने स्वतःच्या हाती घेतले. मुदत पाळली नाही तर दावा रद्द करण्याचा अधिकार राहिला. त्याच वर्षी बिगुत्झी प्रकरणात वूल्फ यांनीच बजावले की कोर्टाच्या हाती सौम्य उपायही आहेत, थेट दावा बाद करण्याआधी त्यांचा विचार व्हावा. २०१४ च्या डेंटन निकालाने माफीसाठी तीन पायऱ्या आखून दिल्या : चूक किती गंभीर, ती का झाली, आणि एकूण परिस्थिती काय.

कागदावर हे सगळे शहाणपणाचे आहे. आता यात वादीच्या जागी कैदी ठेवून पाहा.

त्याच्याकडे ईमेल नाही. फोन आधी मंजूर झालेल्या क्रमांकांवरच करता येतो. काम करणाऱ्या कैद्याच्या वेतनाचा किमान दर तुरुंग खात्याच्या आदेशात आठवड्याला ४ पौंड असा ठेवलेला होता, त्यातच शाम्पू आणि फोनचा खर्च. कोर्टाची फी माफ होऊ शकते, पण त्यासाठीही फॉर्म हवा, कागद हवेत आणि ते वेळेत पोचायला हवेत. तुरुंग भरले की कैदी हलवले जातात. एखाद्याची रवानगी दुसऱ्या गावी होते आणि त्याच्या सामानाची पेटी मागून येते. ती कधी उशिरा येते, कधी अर्धीच येते. प्रिझन्स अँड प्रोबेशन ओम्बड्समनकडे कैद्यांच्या ज्या तक्रारी येतात, त्यांत हरवलेल्या किंवा खराब झालेल्या सामानाच्या तक्रारींचा गट वर्षानुवर्षे सर्वांत मोठा राहिला आहे. दाव्याचे कागद याच पेटीत असतात.

आणि दावा कोणावर असतो? बहुधा तुरुंगावरच. सामान हरवले, जिन्यावरून पडून हाड मोडले, पहाऱ्यावरच्या माणसाने मारले, अशी कारणे असतात. सरकारी तुरुंग असेल तर प्रतिवादी न्याय मंत्रालय. म्हणजे वादीचे टपाल आत आणणारा, बाहेर नेणारा, त्याचा पत्ता बदलणारा, त्याची पेटी उचलणारा आणि त्याला सुनावणीला किंवा व्हिडिओच्या खोलीत नेऊन बसवणारा हा सारा प्रतिवादीचाच माणूस. माझ्या घरमालकाच्या हाती माझे टपाल आणि माझ्या दाराची किल्ली असती, तर माझ्या त्या दाव्याचे काय झाले असते याची कल्पना करून पाहा.

यात कोणाचे कारस्थान असायलाच हवे असे नाही. बहुतेक वेळा नसतेच. अपुरे कर्मचारी, भरलेल्या कोठड्या आणि टपालाच्या खोलीत साठलेला ढीग एवढे पुरते. पण कोर्टाच्या दप्तरात यातले काहीच उमटत नाही. तिथे फक्त एक रिकामी जागा दिसते आणि त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘वादीला रस नाही’ असा लावला जातो.

आम्हा प्रयोग करणाऱ्या मंडळींना हा तर्क विशेष खटकतो. यंत्राने शून्य दाखवले की नव्या विद्यार्थ्याला आम्ही पहिला प्रश्न विचारतो : यंत्र चालू होते का? नमुना नळीत पोचला होता का? या दोन गोष्टींची नोंद वहीत नसेल तर त्या शून्यातून काहीच सिद्ध होत नाही आणि ते कोणत्याही निबंधात छापता येत नाही. कैद्याच्या मौनाचे तसेच आहे. पत्र त्याच्या हाती पडले होते का, आणि त्याने दिलेले उत्तर तुरुंगाच्या दारातून बाहेर गेले का, याची नोंद पाहिल्याशिवाय त्या मौनातून निष्कर्ष काढणे हे कच्चे काम आहे.

या प्रश्नाचा इतिहास इथल्या आइल ऑफ वाइट बेटावर सुरू होतो. ऑक्टोबर १९६९ मध्ये तिथल्या पार्कहर्स्ट तुरुंगात दंगल झाली. दरोड्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या सिडनी गोल्डर या कैद्याचे नाव एका अधिकाऱ्याने दंगलीत घेतले. त्याच्यावर खटला झाला नाही, पण दप्तरातली नोंद राहिली आणि त्यामुळे आपला पॅरोल अडला असे त्याला वाटले. त्या अधिकाऱ्यावर बदनामीचा दिवाणी दावा लावायचा म्हणून १९७० मध्ये त्याने सॉलिसिटरला भेटण्याची परवानगी मागितली. गृहखात्याने ती नाकारली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २१ फेब्रुवारी १९७५ रोजी निकाल दिला की न्याय्य सुनावणीच्या हक्कात कोर्टापर्यंत पोचण्याचा हक्क धरलेलाच आहे. सुनावणीच होणार नसेल तर ती निष्पक्ष आणि जलद असावी या हमीला काही अर्थ उरत नाही. गोल्डरचा दावा खरा होता की खोटा हा प्रश्न तिथे नव्हता. तो ठरवणे कोर्टाचे काम, गृहमंत्र्याचे नाही, एवढाच मुद्दा होता.

१९८२ मध्ये रेमंड विरुद्ध हनी या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे त्याहून थेट प्रसंग आला. कैद्याने हायकोर्टाकडे पाठवलेला अर्ज तुरुंगाच्या गव्हर्नरने अडवला होता. तो कोर्टाचा अवमान ठरला. लॉर्ड विल्बरफोर्स यांनी त्या निकालात सांगितलेले तत्त्व आजही उद्धृत होते : कायद्याने स्पष्टपणे किंवा अपरिहार्यपणे काढून घेतलेले हक्क सोडून बाकी सर्व नागरी हक्क कैद्याकडे शिल्लक असतात. पुढे १९९९ च्या प्रिझन रूल्समधल्या ३९ व्या नियमाने वकील आणि कोर्टाशी होणाऱ्या कैद्याच्या पत्रव्यवहाराला गोपनीयतेचे संरक्षण दिले.

म्हणजे कोर्टाचे दार उघडण्याचे काम पन्नास वर्षांपूर्वी झाले. दारापर्यंत चालत जाण्याचे काय, हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे आणि गेल्या काही वर्षांत तो अवघड झाला आहे. २०१२ च्या कायद्याने एप्रिल २०१३ पासून दिवाणी कायदेशीर मदतीच्या कक्षेतून अनेक विषय वगळले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तुरुंगासंबंधीच्या कितीतरी बाबींची मदत थांबली. हॉवर्ड लीग आणि प्रिझनर्स अॅडव्हाइस सर्व्हिस या संस्था कोर्टात गेल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये अपील न्यायालयाने यांपैकी तीन बाबतींतली कपात बेकायदा ठरवली. पण हरवलेल्या सामानासाठी झगडणारा कैदी आजही बहुधा स्वतःच स्वतःचा वकील असतो. आणि वकिलाशिवाय लढणाऱ्यांविषयी सुप्रीम कोर्टाने २०१८ साली बार्टन विरुद्ध राइट हॅसल या प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की वकील नाही एवढ्या कारणाने नियम पाळण्यात सूट मिळणार नाही. तिथला वादी मोकळा माणूस होता. त्याने दाव्याचा फॉर्म मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ईमेलने पाठवला आणि तो नियमात बसला नाही. लॉर्ड सम्प्शन यांचा तर्क असा की नियम सर्वांना सारखे असावेत, नाहीतर समोरच्यावर अन्याय होतो. मोकळ्या माणसापुरता तो तर्क मला पटतो. पण ज्याचे टपालच समोरच्या पक्षाच्या हाती आहे, त्याला ‘सारखे नियम’ लावणे म्हणजे एका धावपटूचे पाय बांधून दोघांना एकच घड्याळ लावणे.

हे फक्त इंग्रजांचे दुखणे आहे असे समजू नका. आपल्या पुण्याच्या येरवड्याचे उदाहरण सांगते. तो दिवाणी दावा नव्हता, फौजदारी अपील होते, पण अडचण तीच. होस्कोट हे विद्यापीठात रीडर आणि डॉक्टरेट मिळवलेले गृहस्थ. विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल त्यांना शिक्षा झाली. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती वाढवून तीन वर्षांची केली. सुप्रीम कोर्टात ते पोचले ते चार वर्षांहून अधिक उशिराने. उशिराचे कारण काय? हायकोर्टाच्या निकालाची प्रत येरवडा तुरुंगाच्या अधीक्षकांकडे पाठवली गेली होती, ती आपल्या हाती पडलीच नाही असे कैद्याचे म्हणणे. ती दिल्याची त्याची सही तुरुंगाला दाखवता आली नाही. ऑगस्ट १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. होस्कोट यांचा अर्ज फेटाळला गेला, त्यांच्या गुन्ह्याबद्दल कोर्टाला काडीची सहानुभूती नव्हती. पण त्याच निकालात सर्व तुरुंगांना आदेश दिला गेला की निकालाची प्रत विनामूल्य आणि तातडीने द्यावी, कैद्याकडून तिची लेखी पोच घ्यावी, अपिलाची सोय तुरुंगाने करून द्यावी, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळावा.

लेखी पोच. माझ्या मते सगळा प्रश्न या दोन शब्दांत येतो. पत्र पोचले की नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी, ज्याच्या हाती टपालाची वही आहे त्याच्यावर. इथले नियम आज नेमके उलट चालतात. माफीचा अर्ज कैद्याने करायचा आणि चूक का झाली याचा पुरावाही त्यानेच द्यायचा. तो पुरावा तुरुंगाच्या कपाटात असतो. आणि दावा रद्द झाल्याचा हुकूम येतो तोही त्याच टपालाने.

अमेरिकेच्या तुरुंगांकडून शिकावे असे फारसे काही नाही. तिथे १९९६ च्या एका कायद्याने कैद्यांच्या दाव्यांवर कडक बंधने घातली आहेत. पण एक गोष्ट त्यांनी बरी केली. ह्यूस्टन विरुद्ध लॅक या प्रकरणातल्या कैद्याने अपिलाची नोटीस तीस दिवसांच्या मुदतीपैकी सत्ताविसाव्या दिवशी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या हाती दिली होती. कोर्टाचा शिक्का पडला एकतिसाव्या दिवशी. १९८८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की कैद्याने कागद तुरुंगाच्या हवाली केला त्या क्षणी तो कोर्टात दाखल झाला. कारण साधे आहे. त्यानंतर कैद्याच्या हातात काही उरतच नाही.

आता आपल्यातल्याच काहींचा आक्षेप. कैदी रिकामे बसलेले असतात, वाटेल ते दावे लावतात, कोर्टाचा वेळ खातात. असे दावे असतात, मी नाकारत नाही. पण निरर्थक दावा निरर्थक म्हणून बाद करण्याची सोय नियमांत आहे. सतत खोडसाळ अर्ज करणाऱ्याला रोखण्याचेही हुकूम आहेत. त्या मार्गाने दावा बाद झाला तर निदान कोणीतरी तो वाचलेला असतो. पाठपुरावा नाही म्हणून बाद झालेला दावा कोणी वाचण्याची गरजच नसते. खरी तक्रार आणि खोडसाळ तक्रार तिथे एकाच टोपलीत जाते.

लोकमान्यांचे उदाहरण इथे आठवते. व्हॅलेंटाइन चिरोल यांचे पुस्तक १९१० मध्ये आले तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९१४ मध्ये सुटल्यावर त्यांनी बदनामीचा दावा लावला. १९१८ मध्ये ते त्यासाठी लंडनला आले आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये हरले. न्यायमूर्ती डार्लिंग आणि वकील कार्सन यांच्याविषयी आपल्या घराघरांत जे बोलले गेले ते तुम्ही ऐकलेच असेल. तरीही कित्येक दिवस साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, आणि मग ते हरले. हरणे वेगळे आणि न ऐकताच बाद होणे वेगळे. टिळक लंडनच्या कोर्टात उभे राहू शकले कारण तोवर ते सुटले होते, त्यांच्यामागे लोक आणि वर्गणी होती. मंडालेतून त्यांना हे जमले असते का?

आक्षेपाचा दुसरा भाग असा की गुन्हेगारांची एवढी काळजी कशाला? इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत ८५ हजारांहून अधिक माणसे आहेत. २०२४ मध्ये त्यांतला साधारण पाचवा हिस्सा खटल्याच्या किंवा शिक्षा ठरण्याच्या प्रतीक्षेत होता. आठांतला सुमारे एक परदेशी नागरिक आहे. त्यांत आपल्यासारखेच व्हिसावर आलेले, आपल्यासारखेच इथल्या कायद्याचे इंग्रजी अडखळत वाचणारे लोक आहेत. ज्याला शिक्षा झाली आहे त्याची शिक्षा स्वातंत्र्य गमावण्याची आहे. मोडलेल्या हाडाची भरपाई न मिळणे किंवा मेलेल्या आईचा एकमेव फोटो हरवणे हे त्या शिक्षेत कोणत्याही न्यायाधीशाने लिहिलेले नसते.

आपण मंडळी भारतातल्या कच्च्या कैद्यांसाठी निवेदनांवर सह्या करतो. तळोजाच्या तुरुंगात असलेल्या, कंपवाताने हात थरथरणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना २०२० साली पाणी प्यायच्या साध्या सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला आणि तपास यंत्रणेला उत्तरासाठी वीस दिवस मिळाले, तेव्हा आपण किती संतापलो होतो. जुलै २०२१ मध्ये, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच ते गेले. तो संताप योग्यच होता. पण आपण कर इथे भरतो, मत इथे देतो. इथला तुरुंग आपल्या नावाने चालतो. संतापाला भूगोल असू नये.

मागण्या फार मोठ्या नाहीत. पाठपुरावा नाही म्हणून कैद्याचा दावा काढून टाकण्याआधी कोर्टाने तुरुंगाला तीन प्रश्न विचारावेत. कोर्टाचे पत्र कैद्याला कोणत्या तारखेला दिले आणि त्याची सही कुठे आहे? त्या काळात त्याला हलवले होते का, आणि त्याचे कागद त्याच्यासोबत गेले का? त्याने कोर्टासाठी काही टपाल दिले असेल तर ते कधी बाहेर पडले? उत्तर नसेल तर मुदत वाढवावी. आणि तुरुंगाच्या हाती दिलेला कागद त्याच दिवशी दाखल झाला असे दिवाणी नियमांत स्पष्ट शब्दांत लिहावे. यासाठी नवे खाते नको. एक नोंदवही आणि एक शिक्का पुरेल.

आपल्या खासदाराला या मजकुराचे एक पत्र लिहायला अर्धा तास लागतो. ज्यांना अधिक वेळ आहे त्यांनी जवळच्या तुरुंगाच्या इंडिपेंडंट मॉनिटरिंग बोर्डाचा वार्षिक अहवाल वाचावा. ही मंडळे स्वयंसेवकांची असतात आणि त्यांना सभासद हवे असतात. सामान आणि टपाल यांविषयी अहवालात काय लिहिले आहे ते पाहा आणि आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ते एकत्र मांडू.

माझा तो २००६ चा दावा वाचला, कारण जुन्या घरातल्या एका मैत्रिणीने पत्र उचलले आणि फोन केला. तुरुंगात ते पत्र उचलणारे कोणी तरी असावे, एवढेच मागणे आहे.

आपल्या प्रतिक्रियांची, विशेषतः विरोधी मतांची, वाट पाहते.

आपली,
संपादक